ब्रेकबाईंची लाट

शहरातल्या निम्म्याअधिक लोकांच्या पायांना ब्रेकबाईंनी वळण लावलं होतं. त्यांच्या स्वतःच्या उजव्या पायाला वळण लावायची वेळ मात्र सत्तावन्नाव्या वर्षी आली, आणि तीही कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात, चारचौघांच्या देखत.

'ब्रेकबाई' हे नाव त्यांच्या तोंडावर घ्यायची कोणाची छाती नव्हती. समोर सगळे 'मॅडम' म्हणत. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या पायऱ्या उतरल्या की शिकाऊ मंडळी एकमेकांना विचारत, "आज किती वेळा?" बाई शेजारच्या सीटवर बसत आणि त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता. शिकणारा चुकला की त्या तो दाबत. चुकेलसं वाटलं तरी दाबत. शिकणाऱ्याच्या मनात चूक करायचं यायच्या आत गाडी थांबलेली असे आणि बाई शांतपणे म्हणत, "हं, आता सांगा, आपण का थांबलो?" शिकणाऱ्याला अर्थातच काही सांगता येत नसे.

गाडी क्रीम रंगाची, नवऱ्याची. लेक सात वर्षांची असताना तो गेला, आणि त्याच्या मागे ही गाडी आणि बस डेपोच्या मागच्या गल्लीतली एक लांबट खोली एवढंच राहिलं. बाईंनी मेकॅनिककडून दुसरा ब्रेक बसवून घेतला, खोलीवर पाटी लावली आणि शिकवायला सुरुवात केली. त्याला तेवीस वर्षं झाली. खोलीच्या पुढच्या भागात टेबल, एक लाकडी बाक, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि चौकात आधी कोणी जायचं ते दाखवायला खेळण्यातल्या दोन गाड्या. मागच्या भागात जुने टायर, प्लास्टिकचे शंकू आणि दुरुस्तीला न्यायचा म्हणून नऊ वर्षं पडून असलेला पंखा.

गाडीला तेवीस वर्षांत एकदाच मार बसला होता. मागच्या दाराखाली, बशीएवढा पोचा. तो शेजारच्या चष्मेवाल्यांनी त्यांची छोटी व्हॅन मागे घेताना पाडला, अशी बाईंची खात्री होती. बारा वर्षांपूर्वी त्यांनी भर गल्लीत चष्मेवाल्यांना सुनावलं होतं, "लोकांना चष्मे देता ना? मग एखादा स्वतः घाला आणि गाडी मागे घ्या!" चष्मेवाले एवढंच म्हणाले होते, "मी नाही हो केलं." त्यानंतर दोघांत बोलणं नाही. बाईंचं दुकान आणि त्यांचं दुकान यांच्यामध्ये एक भिंत, तरी बाई चष्मा करायला, पेट्रोल जाळायला नको म्हणून, दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात.

आणखी एक गोष्ट त्यांना सलायची. साऱ्या शहराला गाडी शिकवली, पण पोटची पोर सायकलवर. अठराव्या वर्षी लेकीने महिनाभर धडे घेतले आणि सोडले ते सोडलेच. कोणी विचारलं तर बाई म्हणत, "तिला आवडच नाही," आणि विषय बदलत.

या लेकीने, आता तिशीतल्या, विमा कंपनीतली सात वर्षांची नोकरी सोडली. बाईंना हे दोन दिवसांनी कळलं, तेही डबा भरताना.

"डबा नको," लेक म्हणाली. "मी आता जात नाही."

"सुट्टी?"

"नाही गं. बसतेस का जरा? मी बॉडीबोर्डिंगचे वर्ग काढतेय. किनाऱ्यावर."

"ते काय असतं?"

"आई, चार वर्षं मी दर रविवारी काय करते असं तुला वाटत होतं?"

"पोहतेस."

"एक छोटा फोमचा बोर्ड असतो. त्याच्यावर पोटावर झोपायचं आणि लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत यायचं."

"झोपून?"

"झोपून."

"आणि झोपायला शिकवावं लागतं?"

लेकीने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मग पिशवीतून एक अर्ज काढून टेबलावर ठेवला. किनाऱ्यावर शिकवायचा परवाना नगरपालिका देणार होती. त्यासाठी सामान ठेवायला पक्की जागा हवी आणि जागेच्या मालकाची सही हवी. अर्ज येत्या सोमवारी पाचच्या आत दिला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी.

"मागची अर्धी खोली दे मला," लेक म्हणाली. "टायर मी हलवते. पंखासुद्धा."

बाईंनी अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू वाचली. कोणाच्याही कागदावर त्या सहजी सही करत नसत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, हात मांडीवर ठेवून, अख्खी फेरी मारल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला 'तयार आहे' असं लिहून दिलं नव्हतं. ओळखीपाळखीचे, नात्यातले, एकदा तर खुद्द डॉक्टरीणबाई, सगळ्यांना एकच नियम.

"शेजारी बसल्याशिवाय मी सही करत नाही," त्या म्हणाल्या.

"मग बस शेजारी. मंगळवारपासून एक फुकट चाचणी वर्ग आहे, सहा दिवस, सकाळी सात वाजता. तुझं नाव घालते."

"माझं? या वयात?"

"तू लोकांना काय सांगतेस? 'सोपं आहे, नुसतं लक्ष द्या.'"

स्वतःचं वाक्य असं परत आलं की माणूस अडकतो. बाई अडकल्या. पण त्यांनी अट घातली. "एक लाट. सुरुवातीपासून वाळूपर्यंत, मध्ये न थांबता. एवढी तू मला मिळवून दिलीस तर तुला शिकवता येतं असं मी धरीन. मग सही."

"फक्त एक?" लेक हसली. "अगं, पहिल्याच दिवशी मिळेल."

मंगळवारी सकाळी वेटसूट चढवण्यातच पाव तास गेला. तो रबरी पोशाख गुडघ्यापर्यंत आला आणि रुसला. बाई एका पायावर उड्या मारत होत्या, लेक मागून ओढत होती.

"उलटा घातलायस, आई. चेन पाठीला येते."

"हे आधी सांगायचं असतं!"

मग बोर्ड. उभा धरला की टोक बेंबीपर्यंत यायला हवं, असं माप होतं. बोर्डाची दोरी दंडाला बांधली, तेव्हा बाईंनी विचारलं, "रक्तदाब बघतेस का?" आणि मग फिन, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख. ते घालून पुढे चालायला जावं तर माणूस तोंडावर आपटतं, म्हणून समुद्रात उलटं, पाठीकडून चालत जायचं. चष्मा काढून ठेवलेला. ज्या बाईने तेवीस वर्षं 'आधी मागे बघा' हा मंत्र दिला, तिला न दिसणाऱ्या समुद्रात पाठमोरं शिरताना काय वाटलं असेल, ते तिचं तीच जाणे. दर दोन पावलांना त्या मान वळवून आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहत होत्या.

"मॅडम, आरसा विसरलात!" बाजूने आवाज आला.

हे बँकवाले. बँकेत रोखपाल, अंगाने गोल, सदा हसरे. त्यांना गाडीचा परवाना चौथ्या खेपेला मिळाला होता आणि पहिले तीन महिने त्यांना तिसरा गिअर सापडत नव्हता. तेही याच वर्गात, हे पाहून बाईंना जरा बरं वाटलं. निदान एक तरी आपल्या मागे राहील.

लेकीने वाळूवर सगळं नीट समजावलं होतं. लाट दोन हात मागे आली की तळावरून उडी, पोट बोर्डावर, कंबर बोर्डाच्या शेवटाला, हात पुढच्या टोकाला, कोपर टेकलेले, मान वर. पाय मारायचे आणि लाटेने धरलं की पाय मागे तसेच सोडून द्यायचे. एवढंच.

पहिली लाट आली. लेक ओरडली, "आता!" बाईंनी उडी मारली, पोट बोर्डावर, कोपर टेकले, मान वर, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. लाटेने बोर्ड उचलला, तो हातभर पुढे सरकला, आणि बाईंचा उजवा पाय आपला आपण खाली गेला. पंखासकट. वाळूत रुतला. बोर्ड जागच्या जागी थांबला आणि अख्खी लाट बाईंच्या डोक्यावरून पुढे निघून गेली.

नाकात पाणी, कानात पाणी, तोंडात तर होतंच.

"का थांबलीस?" लेकीने विचारलं.

"मी कुठे थांबले? लाटच घाईत होती."

"उजवा पाय खाली टाकलास तू."

"मुळीच नाही."

"टाकलास, आई."

तेवढ्यात शेजारून बँकवाले फेसाच्या ढिगावर बसल्यासारखे सूंऽऽ करत गेले. हात चुकीचे, पाय फाकलेले, डोळे मिटलेले. थेट वाळूवर. तिथून ओरडले, "मॅडम! मी पोचलो!"

"मान वर ठेवायची असते!" बाई ओरडल्या. दुसरं काय ओरडणार?

त्या सकाळी बाईंनी एकोणीस लाटा घेतल्या आणि एकोणीस वेळा ब्रेक मारला.

बुधवारी त्यांनी ठरवून पायाकडे लक्ष दिलं. इतकं दिलं की शरीर पुढे झुकलं, बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं आणि बाई कोलांटी खाऊन बाहेर आल्या. पुढच्या लाटेला पाय पुन्हा खाली. बाहेर येऊन त्या लेकीला म्हणाल्या, "तुझं चुकतंय. तू एका वेळी तीन गोष्टी सांगतेस. शिकणाऱ्याला एका वेळी एकच सांगायची."

"बरं. एकच सांगते. पाय वर."

"असं ओरडून नाही. शांतपणे."

"पाय. वर." लेक दात आवळून, शांतपणे म्हणाली.

गुरुवारी फिन काढून पाहिले. फिन नसताना पाय आणखी चटकन खाली जातो, एवढंच कळलं. मग लेक मागे उभी राहिली आणि लाट आली की घोटा धरून ठेवायचा, असा तिने प्रयोग केला. पहिल्याच लाटेला बाईंच्या पायाला ब्रेक सापडेना, म्हणून त्याने जोर केला. तो लेकीच्या हनुवटीला लागला.

"लागलं का गं?"

"नाही," लेक हनुवटी चोळत म्हणाली. "आता मला तुझ्या ब्रेकची कमाल कळली."

शुक्रवारी किनाऱ्यावर लाल निशाण. समुद्र खवळलेला, पाण्यात जायला बंदी. एक दिवस फुकट जाणार म्हणून लेक अस्वस्थ झाली, आणि खरं सांगायचं तर बाईही. लेकीने सुचवलं, कोरडा सराव करू. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर बाई पोटावर झोपल्या, हात पुढे, मान वर, आणि लेक बाकाचं मागचं टोक उचलून लाट करू लागली.

"लाट आली... उचललं... सोड पाय..."

टक्. उजवी चप्पल फरशीवर.

"पुन्हा."

टक्.

चौथ्या 'टक्'ला दार उघडलं. अकरा वाजताच्या फेरीसाठी आलेली परिचारिका उंबऱ्यात उभी राहिली, बाईंकडे पाहिलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, आणि घाबरत विचारलं, "मॅडम, हेसुद्धा परीक्षेला आहे?"

बाईंनी मान वळवली, तर तिच्या मागे काचेपलीकडे चष्मेवाले, हातात कुलूप, दुकान उघडायला निघालेले. दोघांची नजरानजर झाली. चष्मेवाल्यांनी काही न झाल्यासारखी नजर फिरवली आणि पुढे गेले. यापेक्षा ते खो खो हसले असते तर परवडलं असतं.

शनिवारी समुद्र निवला, पण मायलेकी नाही. सकाळभरात सतरा लाटा फुकट गेल्या. शेवटी लेकीने बोर्ड वाळूवर आपटला.

"तू शिकायला येतच नाहीस, आई! तू इथेसुद्धा शेजारच्या सीटवर बसतेस."

"तुला शिकवता येत नाही, असं सरळ म्हण."

"तुला शिकवता येत नाही, असं म्हणते मी! तू थांबवतेस. शिकवत नाहीस."

बाईंच्या जिव्हारी लागलं. लेकीलाही ते कळलं, पण बोललेलं परत घेता येईना. दोघी दोन बाजूंना तोंड करून फिन काढायला लागल्या. मध्ये बँकवाले टॉवेलने डोकं पुसत बसले होते. त्यांना शांतता सहन होत नसे.

"नाही हं, ताई," ते लेकीला म्हणाले. "मॅडमनी मला शिकवलं की. तिसरा गिअर पडायचाच नाही. माझं सगळं लक्ष त्या दांड्यावर. एक दिवस चौकात मॅडम म्हणाल्या, 'तुमच्या बँकेत रांग पुढे का सरकत नाही हो? सगळे आळशी आहात.' मला असा राग आला! मी म्हटलं, मॅडम, माणसं तीन, खिडक्या सात, तुम्ही येऊन बसा बघू! भांडता भांडता चौक कधी गेला, गिअर कधी पडला, पत्ताच नाही."

"पाय विचार करत बसला की चुकतो," बाई पुटपुटल्या. आपलं कौतुक कोणीतरी केलं, याचं त्यांना त्या घडीला फार बरं वाटलं.

लेकीने एकदा बँकवाल्यांकडे पाहिलं, एकदा आईकडे.

रविवार उजाडला. शेवटचा. लाटा छान, कमरेइतक्या, एकामागून एक रांगेत येणाऱ्या. बाईंनी तेरा घेतल्या, तेराही बुडवल्या. लेकीने मध्ये मध्ये काहीबाही बोलून पाहिलं. पंखा भंगारात देते म्हणाली. पाटीवरची अक्षरं जुनाट दिसतात म्हणाली. बाई नुसतं "हं, हं" करत राहिल्या. त्यांचं चित्त पायात. भरती उतरत चालली होती, आणि वर्ग संपायला दहा मिनिटं उरली होती. उद्या सोमवार. सहीशिवायचा अर्ज स्कूलच्या टेबलावर, खेळण्यातल्या गाडीखाली दाबून ठेवलेला. तो बाईंना सारखा दिसत होता. नियम मोडून सही केली असती तर लेकीने घेतली असती का? तीही त्यांचीच पोर. घेतली नसती.

लेक बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. बाईंना बोर्डावर पोटावर झोपवून एका हाताने बोर्डाचं मागचं टोक धरलं, नजर मागे, येणाऱ्या लाटेवर. तिचा आवाज एकदम वेगळा झाला होता.

"आई, गाडीचा पोचा काकांनी नव्हता पाडला."

"कुठल्या काकांनी?"

"चष्मेवाल्या काकांनी. तो मी पाडला."

"हे आत्ता काय मध्येच?"

"तू बाजारात गेली होतीस. मी किल्ली घेतली. मागे घेताना गल्लीतल्या नळाच्या खांबाला लागली."

बाईंनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. चष्मा नव्हता, तरी तिचं तोंड त्यांना स्पष्ट दिसलं. अठरा वर्षांचं वाटत होतं.

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

"आणि मी त्या माणसाला भर गल्लीत..."

तेवढ्यात लेकीने बोर्ड ढकलला.

लाटेने बाईंना खालून उचललं. बाईंना त्याची दखल घ्यायला सवड नव्हती. त्यांची मान अजून लेकीकडे होती, आणि तोंड चालू होतं. "कार्टे! त्या बिचाऱ्याला मी आंधळा म्हटलं! बारा वर्षं दोन-दोन बस बदलते मी! पावसात, उन्हात! नमस्कार करायचा तो मला, मी तोंड फिरवायचे..." फेस दोन्ही बाजूंनी उसळत होता, बँकवाले हात वर करून बाजूला झाले, पाण्यातली दोन माणसं वाट सोडून पळाली. "...आणि तू जेवायला बसायचीस माझ्यासमोर! रोज! काही झालंच नाही अशी! थांब, तुला दाखवते..."

खर्र आवाज झाला. बोर्डाखाली वाळू होती. लाट परत फिरली आणि बाई शिंपल्यांमध्ये पोटावर पडून राहिल्या, मान वर, कोपर टेकलेले, दोन्ही पाय मागे सरळ, जसे सांगितले होते तसे.

"मॅडम!" बँकवाले धावत आले. "न थांबता! अख्खी! वाळूपर्यंत!"

बाईंनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं. मग समुद्राकडे. लेक तिथेच कमरेइतक्या पाण्यात उभी होती, हात छातीशी घेऊन.

"बाहेर ये," बाई ओरडल्या.

"तू रागावशील."

"रागावलेच आहे. बाहेर ये, ओठ निळे पडलेत."

लेक आली. बाईंनी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला, जरा जोरानेच.

"सांगितलं का नाहीस?"

"त्या दिवशी तू फार चिडली होतीस. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी मी उठायच्या आत तू काकांशी भांडून आलीस. मग कसं सांगणार?"

"आणि न विचारता गाडी काढलीस कशाला?"

"आई, महिनाभर तू मला दुसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ दिलं होतंस का? मला एकदा बघायचं होतं, तू शेजारी नसताना गाडी चालते का." तिने टॉवेल घट्ट ओढून घेतला. "नाही चालली."

म्हणून सायकल. बाई दंडाची दोरी सोडवायला लागल्या, ती सुटेना.

"आणि आज का सांगितलंस? उद्या अर्ज द्यायचाय. आता मी सही नाही केली तर?"

"तर नाही," लेक दोरीची गाठ सोडवत म्हणाली. "दुसरं काही सापडेना. पंख्याने तुझा पाय हलला नाही, पाटीने नाही. तुला एवढंच लागणार होतं." दोरी सुटली. "लाट तर मिळाली ना तुला?"

घरी जाताना गाडीच्या मागच्या सीटवर दोन बोर्ड थेंब थेंब गळत होते.

सोमवारी बाईंनी सकाळच्या फेऱ्या नेहमीसारख्या घेतल्या. परिचारिकेने नंतर मैत्रिणींना सांगितलं की आज किती वेळा म्हणाल, तर फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा खरंच कुत्रं मध्ये आलं होतं. चार वाजले तरी अर्ज खेळण्यातल्या गाडीखालीच. लेक मागच्या भागात टायरवर बसून होती. विचारायची तिची हिंमत नव्हती आणि उठून जायचीही. सव्वाचारला बाईंनी अर्ज उचलला.

"चल."

"नगरपालिकेत?"

"आधी शेजारी."

चष्मेवाल्यांच्या दुकानात बाईंनी बारा वर्षांनी पाऊल टाकलं. भिंतीवर फ्रेमच्या रांगा, कोपऱ्यात अक्षरांचा तक्ता. चष्मेवाले काउंटरमागे भिंग पुसत होते. त्यांनी पाहिलं, पुसणं थांबवलं नाही.

"बसा."

"मी चष्म्यासाठी नाही आले." बाई उभ्याच राहिल्या. शाळेत बाकावर उभं केल्यासारख्या. "मी तुम्हाला बारा वर्षांपूर्वी भर रस्त्यात वाट्टेल ते बोलले. चूक माझी होती. पोचा हिने पाडला होता. काल कळलं मला."

"सॉरी, काका," लेक म्हणाली. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाली.

चष्मेवाल्यांनी भिंग उजेडात धरून पाहिलं. "मला ठाऊक होतं."

"काय?"

"खिडकीतून दिसलं होतं. ही नळापाशी बसून रडत होती. म्हटलं, आपण कशाला सांगा, सांगेल तीच. आज सांगेल, उद्या सांगेल." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "जरा वेळ लागला."

बाईंना राग कोणाचा करावा तेच कळेना. लेकीचा करून झाला होता. "म्हणजे या गल्लीत मी एकटीच आंधळी?"

"आंधळ्या नाही हो. नंबर वाढलाय. शुक्रवारी तुम्ही बाकावर पोटावर झोपून डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलंत, तेव्हाच मला शंका आली."

लेक फस्सकन हसली आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला. बाईंनी अर्ज काउंटरवर पसरला, पेन मागितलं, कागद जवळ धरला, लांब धरला. सहीची ओळ काही केल्या सापडेना. चष्मेवाल्यांनी तपासणीची जड गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, एक भिंग घातलं, दुसरं घातलं.

"आता?"

"आता दिसतंय." बाईंनी सही केली. नाव, तारीख आणि त्याखाली सवयीने, शिकाऊ लोकांच्या कागदावर लिहीत तसं, 'शेजारी बसून पाहिले. तयार आहे.'

"आई, तिथे काही लिहायचं नव्हतं गं."

"असू दे."

घड्याळात साडेचार. बाई गाडीत बसल्या. लेकीला त्या म्हणाल्या, "आणि उद्यापासून दुपारी तीनला तू. शिकाऊ परवाना नवा काढायचा. नळाच्या खांबापासून सुरुवात."

"तू ब्रेक मारशील."

"मारीन. सवय आहे."

"मग मला तुला आणखी काहीतरी सांगावं लागेल."

बाईंचा हात किल्लीवर थांबला. "आणखी आहे?"

लेक खिडकीबाहेर बघू लागली. दुकानाच्या पायरीवर चष्मेवाले येऊन उभे राहिले होते. बाईंनी गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली, तसे ते रस्त्यावर उतरले आणि बारा वर्षं राखून ठेवल्यासारखे दोन्ही हात हलवत मोठ्याने म्हणाले, "या, मॅडम, या... सावकाश... मागे खांब आहे हं!"